आबांचं बिनमरणाचं जग

सासूबाई गेल्यावर वर्षभर आबा, म्हणजे माझे सासरे, रावेरजवळच्या गावात एकटेच राहिले. शेत वाट्याने दिलेलं, घर मोठं, आणि चहासुद्धा शेजारून येणार. शेवटी दिवाळीनंतर नवऱ्याने गाडी नेली आणि त्यांना जळगावला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्याच सुमारास मी, म्हणजे कॉलेजात वीस-बावीस वर्षं गणित शिकवून झालेली बाई, पीएच.डी.च्या मध्यावर येऊन अडकले होते. नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र आहे. तो दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचा की घरी सध्या दोन जण आहेत, दोघांनाही काय करावं ते कळत नाही, आणि दोघंही टीव्हीचा आवाज जास्त येतो म्हणून माझ्यावरच ओरडतात.

आबांचा दिवस जाता जात नसे. पेपर वाचून व्हायचा, गॅलरीतून खालची रहदारी पाहून व्हायची, आणि मग ते जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायचे. तिथे माझा लॅपटॉप असायचा आणि त्याच्या पडद्यावर रंगीत रेघा डावीकडून उजवीकडे सरकत असायच्या. एखादी रेघ मधेच फुटून तिच्या दोन व्हायच्या. एखादी सरकता सरकता थांबायची आणि तिथेच संपायची. आबांनी दोन-तीन दिवस नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी विचारलं की हे हवामान आहे का.

मी त्यांना समजावलं. प्रत्येक रेघ म्हणजे प्राण्यांची किंवा झाडांची एक जात. रेघ फुटली म्हणजे एका जातीच्या दोन झाल्या. थांबली म्हणजे ती जात पृथ्वीवरून संपली. खऱ्या जगात आपल्याला फक्त आज जिवंत असलेल्या जाती दिसतात. त्यांच्या एकमेकींशी असलेल्या नात्यावरून मागे जात जात, वाटेत किती जाती संपल्या असतील, याचा अंदाज काढायची काही गणितं आहेत. ती गणितं कितपत खरी बोलतात ते मला तपासायचं होतं. त्यासाठी मी संगणकात खोटी जगं तयार करायची, त्यांत कोण कधी मेलं ते मला पक्कं माहीत असायचं, मग मेलेल्या सगळ्या रेघा लपवायच्या आणि गणिताला विचारायचं, आता सांग.

आबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अन् मरायचं कोनी, ते कोन ठरवतं?"

फासा टाकल्यासारखं असतं, मी म्हटलं. संगणक टाकतो.

"संगनकाले कोनी सांगतलं?"

मी, असं म्हणावं लागलं. त्या दिवसापासून माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर जरा बदलली. स्वयंपाकघरात मुंग्यांवर खडूची रेघ मारली तरी ते मान हलवायचे.

लवकरच त्यांनी एक रेघ आपली म्हणून धरली. ती हिरवी होती, म्हणून केळीची. सकाळी अंघोळ करून आले की पहिला प्रश्न, हिरवा जित्ता हाय का? मी सांगायची की प्रत्येक वेळी जग नव्याने सुरू होतं, कालच्या हिरव्याचा आजच्या हिरव्याशी काही संबंध नाही. ते त्यांना पटत नसे. केळीही दरवर्षी नवीनच लावतो, पण ती आपलीच असते ना, असं त्यांचं म्हणणं. हिरवी रेघ लवकर संपली तर ते दुपारचा भात कमी खायचे. एकदा ती टिकून तिला बऱ्याच फांद्या फुटल्या, तर त्यांनी संध्याकाळी नवऱ्याला जिलबी आणायला लावली. दुकान बंद करून आलेल्या नवऱ्याने विचारलं की काय झालं, तर मी म्हटलं, तुमच्या घरात वंश वाढला.

वरच्या मजल्यावर अक्का राहायच्या. अमळनेरच्या शाळेत सगळी नोकरी झालेली, निवृत्तीनंतर मुलाकडे जळगावला आलेल्या. दुपारी त्या तूर निवडायला म्हणून आमच्याकडे येत, कारण त्यांच्या घरी सगळं निवडलेलं पाकिटातून येई आणि त्यांच्या हातांना ते सहन होत नसे. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे आम्हा दोघींचं बोलणं सुरू झालं की ते आपोआप अहिराणीत जाई, आणि आबा, ज्यांची बोली रावेरकडची, मधे बसून परक्या देशात आल्यासारखा चेहरा करत. आम्ही 'आहे'ला 'शे' आणि 'सगळे'ला 'बठ्ठा' म्हटलेलं ऐकलं की ते नवऱ्याला म्हणत, तुझ्या घरात तुझ्या बापाचे दोनच कान हायेत अन् तेही कामाचे नईत.

अक्कांनी जांभळी रेघ घेतली. का, तर वांग्याचा रंग. आता टेबलाशी दोन पक्ष झाले. जांभळी टिकली आणि हिरवी गेली की अक्का तुरीचं सूप खाली ठेवून हळूच म्हणायच्या, "आबा, तुम्हना बठ्ठा मरी ग्यात का हो?" आबांना शब्द कळत नसले तरी सूर कळायचा. मग ते म्हणायचे की सूनबाई धुळ्याची, अक्का अमळनेरच्या, तेव्हा फासा कोणाकडे पडणार हे उघडच आहे. मी त्यांना आकडे दाखवले. सगळ्या रेघांना मरायची आणि फुटायची संधी अगदी सारखी आहे, हे दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले की सारखीच असेल तर मग गणित कशाला पाहिजे, चिठ्ठ्या टाकल्या तरी चालतं. आता हे चुकीचं आहे, पण का चुकीचं आहे ते सांगायला मला पाटी घेऊन बसावं लागलं, आणि तोवर आबांना झोप लागली.

एकदाच ते वेगळं बोलले. हिरवी रेघ संपली होती, आणि अक्का आलेल्या नव्हत्या. ते म्हणाले की त्यांच्या तरुणपणी रावेरकडे सगळीकडे बसराई केळी असायची. बुटकी, पातळ सालीची. मग दुसरी जात आली, मग प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची रोपं आली. बसराईवर कोणी रोग टाकला नाही की कोणी तिला उपटून फेकली नाही. एका वर्षी व्यापारी म्हणाला नको, पुढच्या वर्षी लावली नाही, आणि मग कधीतरी लक्षात आलं की बांधावरसुद्धा एक उरली नाही. मी म्हटलं, आबा, बऱ्याचशा जाती अशाच जातात, कोणाचं लक्ष नसताना. ते म्हणाले की माझं लक्ष होतं, मी तिथंच होतो.

पुढचा प्रकार आबांच्या तोंडामुळे झाला. बोदवडहून त्यांच्या नात्यातले एक गृहस्थ लग्नाची पत्रिका घेऊन आले. ते तिथल्या एका वाचनालयाचे चिटणीस. चहा पिताना त्यांनी चौकशी केली की सूनबाई काय करतात. मी कॉलेजात होते. आबांनी अभिमानाने सांगितलं की सूनबाई जाती संपवतात. गृहस्थ चकित झाले. आबांनी खुलासा केला की नुसत्या बोलत नाहीत, गणिताने संपवतात, रोज संध्याकाळी बसून, आणि जातपात पाहत नाहीत, सगळ्यांना सारखाच नियम.

आठवडाभराने मला फोन आला. वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानाला तुम्ही यावं, विषय तुमचाच, असं चिटणीस म्हणाले. मला आनंद झाला. इतकी वर्षं माझा विषय कोणी स्वतःहून मागितला नव्हता. वर्गात तर पोरं तो परीक्षेत येणार का एवढंच विचारतात. मी होकार दिला. आबांना बरोबर घेतलं, कारण आमंत्रण त्यांच्यामुळे होतं आणि ते आदल्या दिवसापासून धोतर काढून बसले होते.

बोदवडच्या त्या सभागृहात शिरले आणि समोरचा फलक वाचला. 'जातींचा अंत : काल, आज आणि उद्या.' टेबलावर समाजसुधारकांच्या तसबिरी, त्यांना ताजे हार. पहिल्या रांगेत गावातले शिक्षक, काही कार्यकर्ते, गळ्यात पंचे घातलेले दोन वयस्कर लोक. मला सगळं एकदम कळलं आणि पळून जायची इच्छा झाली. आबा मात्र हार पाहून म्हणाले की तुझ्यासाठी पुष्कळ खर्च केलेला दिसतो.

चिटणीसांनी प्रास्ताविकात मला क्रांतिकारक म्हटलं. मी उठले, पाणी प्यायले आणि सरळ सांगून टाकलं की मी ज्या जातींबद्दल बोलायला आले आहे त्यांत गिधाडं, माळढोक आणि बेडूक येतात.  चिटणीसांनी फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आबांकडे. आबांनी त्यांना मानेने खूण केली की ऐका, पुढे चांगलं आहे.

दुसरा इलाज नव्हता म्हणून मी बोलले. फळा मागून घेतला, रेघा काढल्या, पूर्वी उकिरड्याजवळ बसणारी गिधाडं कशी दिसेनाशी झाली ते सांगितलं. लोक हळूहळू ऐकू लागले. पंचेवाल्यांपैकी एकाने लहानपणी पाहिलेल्या माळढोकाची चाल करून दाखवली, तेव्हा तर सभा त्यांच्याच ताब्यात गेली. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "मॅडम, त्या जाती आपोआप संपतात. मग ह्या आपल्या का संपत नाहीत?"

मी खडू ठेवला. मग म्हटलं की माझ्या गणितात कुठलीही जात टिकवून ठेवण्यात कोणाचा फायदा नसतो. बाईंनी हसून मान डोलावली. चिटणीसांनी आभार मानताना विषयाने जरा वेगळी वाट धरली तरी गाव तेच होतं असं काहीतरी सांगून वेळ सावरली, आणि मला शाल-नारळ मिळाला. शाल आबांनी लगेच आपल्या पिशवीत ठेवली.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. आबांना खिडकी मिळाली. भुसावळच्या अलीकडे गाडी नेहमीप्रमाणे थांबली आणि थांबूनच राहिली. मी आबांना जरा चिडवत होते की तुमच्यामुळे आज मी क्रांतिकारक झाले. ते हसले नाहीत. बाहेर बघत म्हणाले, "सूनबाई, त्या मशीनमधी मरनं बंद नई करता येत?"

येतं, मी म्हटलं. एक आकडा आहे, तो शून्य करायचा.

"येवढंच?"

एवढंच.

 मग त्यांनी सासूबाईंच्या दवाखान्यातल्या दिवसांबद्दल सांगितलं. त्या गेल्यापासून त्या दिवसांबद्दल ते माझ्याशी एकदाही बोलले नव्हते. डॉक्टर रोज बाहेर येऊन सांगायचे की अशा केसमध्ये इतके टक्के वाचतात. दुसऱ्या दिवशी टक्के बदलायचे. आबा त्यांना म्हणाले होते, "टक्के कायले सांगता साहेब? ती एकच हाय."

मी माझं सगळं आयुष्य टक्क्यांवर काढलं आहे.  गाडी सुटली. जळगाव आल्यावर उठताना ते म्हणाले की आकडा एकच असेल तर एकदा करून पाह्य.

घरी आल्यावर मी चहा टाकायच्या आधी लॅपटॉप उघडला आणि नामशेष होण्याचा दर शून्य केला. नवं जग सुरू झालं. आबा समोर बसले. रेघा सरकू लागल्या, फुटू लागल्या, आणि एकही थांबेना. हिरवीला फांद्या फुटल्या, मी त्यांना जरा फिके-गडद हिरवे रंग दिले, म्हणजे लेकरं ओळखू यावीत. आबांनी अक्कांना बोलावून आणलं. अक्कांची जांभळीही वाढत होती. त्या दिवशी दोघांत भांडण झालं नाही. नवऱ्याने घरात शिरल्यावर इतकी शांतता पाहून विचारलं की कोणाला बरं नाही का.

दोन-तीन दिवस असे मजेत गेले. आबा सकाळी विचारत नसत की हिरवा जिवंत आहे का, कारण असणारच होता. सुरुवातीला ते यावर फार खूश होते. अक्का मात्र लवकर कंटाळल्या. त्यांनी तुरीचं सूप उचललं आणि म्हणाल्या की यात बघायचं काय, हे तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं झालं, कोणी जातच नाही. आणि खरंच त्या यायच्या बंद झाल्या. त्यांच्या मुलाच्या घरचा टीव्ही जास्त मरणं दाखवतो, असं त्यांनी जिन्यात मला सांगितलं.

आता इथे मी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या जगात कोणी मरत नाही तिथे एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, असं चालू राहतं. हे मला माहीत होतं. मी हे दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. पण आबा इतक्या समाधानाने बसलेले होते की मी त्या जगाला शेवट घातला नव्हता. संध्याकाळी बंद करायचं, सकाळी तिथूनच पुढे चालू करायचं, असं चाललं होतं. माझ्या नेहमीच्या जगांत मरणं होत असल्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

चैत्राचं ऊन तापलं होतं. जळगावात त्या दिवसांत दुपारी लोखंडी दाराची कडी हाताने उघडत नाहीत. मी कॉलेजातून आले तर आबा घामाघूम होऊन कूलरपाशी उभे. त्यांनी टेबल ओढत थेट कूलरच्या तोंडाशी नेलं होतं. लॅपटॉपचा पंखा किंचाळत होता. पडद्यावर एकही वेगळी रेघ दिसत नव्हती; सगळ्या रंगांची मिळून चिखलासारखी एक पट्टी झाली होती. आबा म्हणाले की बिचारं फार तापलं होतं, म्हणून गार वाऱ्याला ठेवलं.

आमचा कूलर जुना आहे. तो वाऱ्याबरोबर पाणीही फेकतो. लॅपटॉपच्या बटनांवर दव पडल्यासारखे थेंब होते. मी धावत जाऊन तो उचलला, आणि माझ्या हातातच त्याने एकदा टिक केलं आणि पडदा काळा झाला.

दुरुस्तीवाल्याने तो उघडून, आत फुंकर मारून, पाणी गेलंय मॅडम, असं सांगितलं. प्रबंधाची प्रकरणं मी माझ्या मार्गदर्शक सरांना मेल केलेली होती, ती शाबूत राहिली. पण चार दिवसांनी धुळ्याला समितीपुढे माझं सादरीकरण होतं, आणि त्याच्या सगळ्या आकृत्या त्या चिखलाबरोबर गेल्या होत्या. मी सरांना फोन केला. सर धुळ्याचे, निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, खडू आहे ना?

आबांनी माफी वगैरे मागितली नाही. तशी पद्धत त्यांच्या घरात नाही. त्यांनी फक्त चहातली साखर सोडली आणि दोन दिवस स्वतःचं ताट स्वतः घासलं, तेही वाईट. मग नवऱ्याला विचारलं की पिकासारखा लॅपटॉपचा विमा निघतो का. नवरा म्हणाला की निघतो, पण तलाठ्याचा पंचनामा लागेल आणि पाणी आभाळातून पडलेलं पाहिजे. आबांना पुष्कळ वेळ ते खरंच वाटलं. शेवटी ते माझ्याकडे येऊन म्हणाले की धुळ्याला मी येतो. कशाला, असं मी विचारलं नाही. अक्कांनी हे ऐकलं आणि त्यांनाही आठवलं की धुळ्याला त्यांची बहीण असते.

अशा रीतीने मी माझ्या पीएच.डी.च्या सादरीकरणाला दोन पाहुणे घेऊन एसटीने निघाले. वाटेत पारोळ्यापर्यंत अक्का मला फळ्यावर कसं लिहायचं ते शिकवत होत्या. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, आणि खडू तिरका धरायचा म्हणजे किरकिरत नाही. मी त्यांना आठवण करून दिली की मीही शिकवते. त्या म्हणाल्या, कॉलेजात शिकवतेस, ते वेगळं.

समितीत तिघं होते. एकजण बाहेरून आलेले, फार काटेकोर. मी फळ्यावर सुरुवात केली. मागच्या बाकावर आबा आणि अक्का, शाळेच्या तपासणीला बसावेत तसे. मी फळ्याकडे वळून बोलू लागले की अक्का हाताने मला फिरवत.

काटेकोर गृहस्थांनी मधेच थांबवलं. तुमच्याकडे माहिती फक्त जिवंत जातींची, मग मेलेल्यांचा दर गणितात धरताच कशाला? तो शून्य धरला तर गणित किती सोपं होईल. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर माझ्या एका आकृतीत होतं, जी आता नव्हती. मी खडू हातात घेऊन उभी राहिले.

मग मी सांगितलं की आम्ही घरी ते करून पाहिलं. कोणी, असं त्यांनी विचारलं. माझ्या सासऱ्यांनी, मी म्हटलं, आणि त्यांना थोडक्यात सगळा प्रकार सांगितला. हिरवी रेघ, चिखल, कूलर. सर खाली बघून हसत होते. काटेकोर गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यानंतर मी फळ्याच्या डाव्या बाजूला एक झाड काढलं ज्यात पुष्कळ फांद्या मधेच तुटतात, आणि उजवीकडे आबांचं जग, ज्यात एकही तुटत नाही. मग डस्टर घेऊन डावीकडच्या सगळ्या तुटलेल्या फांद्या पुसल्या. आता दोन्हीकडे फक्त जिवंतच उरले. पण दोन्ही झाडं सारखी दिसत नव्हती. डावीकडच्या झाडाला शेंड्याजवळ कोवळ्या फांद्यांची एकदम दाटी होती, कारण त्यांना मरायला अजून वेळच मिळाला नव्हता. उजवीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत फुटण्याचा वेग एकसारखा. मेलेले पुसले तरी ते होऊन गेले हे राहिलेल्यांच्या मांडणीत दिसतं, किती दिसतं आणि कुठे फसवतं तोच माझा प्रबंध, असं मी म्हटलं. ही गोष्ट मी तीन वर्षं लिहीत होते, पण इतक्या थोडक्यात ती मला त्याआधी सांगता आली नव्हती. डस्टर ठेवताना पाहिलं तर आबा पुसलेल्या जागेकडे बघत होते. तिथे खडूची पांढरट भुकटी राहिली होती.

समितीने काम पुढे न्यायला परवानगी दिली. दोन प्रकरणं पुन्हा लिहायला सांगितली, आणि काटेकोर गृहस्थांनी लेखी शेरा दिला की दर शून्य धरल्यास काय होतं याचंही एक प्रकरण असावं. म्हणजे आबांमुळे माझे सहा महिने वाढले.

बाहेर चहा चालला होता तेव्हा सर आबांपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "तुम्हीच का ते, ज्यांनी मरण बंद केलं?"

आबांनी कप खाली ठेवला. "केलं व्हतं साहेब. पन मग अशी गर्दी झाली की माहा हिरवा कोनता, तेच दिसे ना."

 सरांनी आबांच्या बशीत आपल्या हाताने आणखी चहा ओतला. अक्कांनी तेवढ्यात संधी साधून त्यांना सांगितलं की मुलगी हुशार आहे, फक्त फळ्याकडे तोंड करते.

परत आल्यावर काही दिवसांनी आबा म्हणाले की गावी जाऊन येतो. सासूबाई गेल्यापासून तिथली त्यांची खोली आबांनी कोणाला उघडू दिली नव्हती. नवरा सोडायला गेला. तो सांगत होता की आबांनी जाताच खोलीच्या खिडक्या उघडल्या, सासूबाईंच्या बहिणीला आणि भाच्यांना बोलावणं पाठवलं, आणि लुगडी, पातळं, डबे, सगळं ज्याला जे हवं ते नेऊ दिलं. तांब्याचा एक हंडा कोणी उचलला तेव्हा म्हणाले, तो राहू द्या. परत कधी येणार, असं नवऱ्याने विचारलं, तर म्हणाले, पाहू. गड्याला सांगून परसात कुठूनतरी आणलेले बसराईचे कंद लावून घेतले, असंही कळलं. ती बसराईच आहे याची खात्री मला नाही, आबांना आहे.

आता ते थोडे दिवस तिकडे असतात, थोडे दिवस आमच्याकडे. तिकडे असले की स्वतः रांधतात. सुरुवातीला नवऱ्याचा यावर विश्वास बसेना. त्याने आयुष्यात बापाला चुलीपाशी पाहिलं नव्हतं. फोन मात्र मला येतो, आणि नेमका मी तासाला निघालेली असताना. परवा विचारत होते की वरणात मीठ किती घालायचं. मी घाईत होते, म्हटलं, अंदाजाने घाला.

पलीकडे भांड्यावर पळी आपटल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाले, "गनिताची बाई तू, अन् अंदाज सांगते?"

मी वर्गाच्या दाराशी उभी राहून सांगितलं, एक चमचा, सपाट. पोरं आत वाट पाहत होती.